नऊ कुटुंबं आली, चार गेली: मॅनिटोबातल्या एका गावाचं प्रकरण

हे गाव कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातलं आहे. ओळख पटू नये म्हणून गावाचं, कारखान्याचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही. काही तपशील बदलले आहेत, आणि आसपासच्या तशाच गावांत घडलेल्या काही गोष्टी यात मिसळल्या आहेत. कायदे, योजना आणि त्यांच्या तारखा मात्र जशाच्या तशा आहेत.

पार्श्वभूमी

वस्ती चौदाशेच्या आसपास. प्रांताची राजधानी विनिपेग गाडीने सव्वादोन तासांवर. गावात धान्याचा एलेव्हेटर, म्हणजे धान्य साठवायचं उंच कोठार, को-ऑपचं किराणा दुकान, आठवीपर्यंतची शाळा, वृद्धांची देखभाल करणारं एक केअर होम आणि धान्य चढवणारे ऑगर बनवणारा एक कारखाना. नववीपासूनची मुलं ३५ किलोमीटरवरच्या हायस्कूलला पिवळ्या बसने जातात. दुसऱ्या गावी जायला सार्वजनिक वाहन नाही. ग्रेहाउंडची बस ३१ ऑक्टोबर २०१८ला पश्चिम कॅनडातून बंद झाली आणि तिची जागा या गावापुरती तरी कोणी घेतली नाही. या एका गोष्टीने पुढे किती घोळ घातला, ते येईलच.

कारखान्याला वेल्डर मिळत नव्हते. गावची मुलं शाळा संपली की विनिपेग किंवा अल्बर्टा गाठत. २०१९च्या शरद ऋतूत कारखान्याने परदेशातून पहिली पाच माणसं आणली. चार फिलिपिन्सची, एक भारतातला. कुटुंबं काही महिन्यांनी आली. २०२२मध्ये आणखी चार कुटुंबं आली, त्यांतली दोन युक्रेनमधली.

मार्ग नेहमीचा होता. आधी एकाच मालकाशी बांधलेलं वर्क परमिट. त्याच मालकाकडे सहा महिने पूर्णवेळ काम झालं की प्रांताच्या नॉमिनी योजनेत, म्हणजे प्रांताने केंद्राकडे शिफारस करायच्या योजनेत, अर्ज. मग केंद्राकडे पीआर, म्हणजे कायम वास्तव्याचा हक्क. ही प्रांतिक योजना १९९८पासून सुरू आहे आणि विनिपेगबाहेर राहणाऱ्याला तिच्या गुणांकनात वेगळे गुण मिळतात. केंद्राने २०१९मध्ये छोट्या गावांसाठी जी पथदर्शी योजना काढली तिच्या अकरा ठिकाणांत मॅनिटोबातली दोनच होती, ब्रँडन आणि आल्टोना-राइनलँड. हे गाव त्यात नव्हतं. म्हणजे स्वागताचं काम करायला वेगळा पैसा नव्हता, वेगळा माणूसही नव्हता.

गावाने आपल्या परीने केलं. चर्चच्या तळघरात जेवण झालं, कोट आणि बूट गोळा झाले, कोणी पलंग दिला तर कोणी हॉकीच्या स्केट्स. यात कुचराई झाली असं कोणी म्हणू शकणार नाही.

अडचण

जून २०२३पर्यंत नऊपैकी चार कुटुंबं गेली होती. पहिल्या तुकडीतल्या तिघांनी पीआर हातात आल्यावर काही महिन्यांतच गाव सोडलं.

नगरपालिकेच्या बैठकीत दोन कारणं लगेच पुढे आली: थंडी आणि शहराची ओढ. तिसरं कारण दबक्या आवाजात बोललं गेलं, की ‘यांना पीआरच हवं होतं, गाव नको होतं’. एका सदस्याने मॅनिटोबातल्याच नीपावा या गावाचा दाखला दिला. तिथली लोकसंख्या २०११मध्ये ३,६२९ होती, ती २०२१मध्ये ५,६८५ झाली. मग आपल्यालाच का जमत नाही? दाखला खरा, पण तुलना चुकीची. नीपावात डुकराच्या मांसाचा मोठा प्रकल्प आहे. तिथे नवरा-बायको दोघांनाही त्याच दारातून काम मिळू शकतं. ऑगरच्या कारखान्यात वेल्डरच्या बायकोसाठी काही नव्हतं.

थंडीचं कारण तारखांशीच जुळत नव्हतं. गेलेल्या चारही कुटुंबांनी किमान एक हिवाळा काढला होता, पहिल्या तिघांनी तर दोनहून जास्त. दोन कुटुंबं जूनच्या शेवटी, शाळा संपल्यावर गेली. थंडीला कंटाळलेला माणूस जानेवारीत निघतो. शाळेचं वर्ष संपायची वाट पाहणाऱ्याने जायचं कधीच ठरवलेलं असतं.

माहिती कशी काढली

पहिला शहाणा निर्णय असा, की अंदाज थांबवून गेलेल्या कुटुंबांना फोन करायचे. दुसरा असा, की ते फोन कारखान्याने किंवा नगरपालिकेने करायचे नाहीत. गावच्या ग्रंथपाल बाईंनी केले. त्यांच्याशी ओळख होती, देणंघेणं नव्हतं. नवरा आणि बायको दोघांशी वेगवेगळं बोलायचं, आणि ‘का गेलात?’ असं न विचारता ‘जायचा विषय घरात पहिल्यांदा कधी निघाला?’ असं विचारायचं, हे आधी ठरलं होतं. पहिल्या प्रश्नाला लोक सभ्य उत्तर देतात. दुसऱ्याला तारीख सांगतात, आणि तारखेमागे प्रसंग असतो.

चार घरांतून हे निघालं.

पहिलं कुटुंब. पत्नी फिलिपिन्समध्ये परिचारिका होती. इथे तिला एका उपाहारगृहात आठवड्याला अकरा-बारा तास भांडी घासायचं काम मिळालं. केअर होममध्ये जागा होत्या, पण ०.३ आणि ०.४ ईएफटीच्या (पूर्णवेळाच्या तीन-चार दशांश), म्हणजे आठवड्याला दीड-दोन पाळ्या, आणि पाळी सकाळी सातला सुरू. नवऱ्याची शिफ्ट सहाला. पाळणाघर उघडायचं साडेसातला. विषय निघाला तो दिवस तिला नेमका आठवत होता. केअर होममधली ०.४ची जागा तिने नाकारली त्या दिवशी संध्याकाळी.

दुसरं कुटुंब भारतातलं. त्याने मायदेशी एका एजंटला मोठी रक्कम दिली होती आणि ती व्याजाने काढलेली होती. मॅनिटोबात २००९पासून लागू असलेल्या कायद्यानुसार परदेशी कामगाराकडून भरतीचे पैसे घेता येत नाहीत. त्याने पैसे दिल्याची कारखान्याला कल्पना नव्हती, कारण त्यांनी कधी विचारलंच नव्हतं. कर्ज फेडायला ओव्हरटाइम हवा होता. कारखान्यात तो फक्त हंगामात असायचा, म्हणून तो अल्बर्टाला गेला.

तिसऱ्या घरात सोळा वर्षांची मुलगी होती. मॅनिटोबात हायस्कूल पूर्ण व्हायला ३० क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांची एककं, लागतात. तिची आधीची किती धरायची हे ठरायला पाच महिने गेले आणि तोवर तिला खालच्या वर्गात बसवलं होतं. शाळेनंतरच्या बँड आणि व्हॉलीबॉलला ती कधी थांबू शकली नाही, कारण गावाकडे येणारी बस साडेतीनला सुटायची आणि आईकडे गाडीचा परवाना नव्हता.

चौथं कुटुंब युक्रेनचं. टोरांटोजवळ बहीण होती, तिच्याकडे गेलं. यात गावाला काही करता आलं नसतं, आणि हे मान्य करणं महत्त्वाचं होतं. नाहीतर पुढचे सगळे उपाय बहिणीची भरपाई शोधत बसले असते.

उरलेल्या पाच घरांतही हेच प्रश्न विचारले. तिथली एक गोष्ट कोणाच्याच लक्षात आली नव्हती. पाचही घरांत नवऱ्याकडे गाडी चालवायचा परवाना होता, बायकांपैकी फक्त एकीकडे.

समोर असलेले पर्याय

कारखान्याचा आवडता पर्याय होता अधिक भरती. चार गेले तर आठ आणू. यात एकेका जागेच्या श्रमबाजार मूल्यांकनाला, म्हणजे एलएमआयएला (परदेशी माणूस खरंच लागतो का, याची केंद्राची तपासणी), १,००० डॉलर शुल्क, शिवाय परमिट येईपर्यंतचे महिने. बादलीला भोक असताना नळ मोठा करण्यासारखं हे होतं. तरी हा पर्याय मूर्खपणाचा नव्हता. काही गळती कायम राहणारच, आणि भरती थांबवली तर उरलेल्यांवर ओव्हरटाइमचा भार पडतो.

दुसरा पर्याय कराराने बांधून ठेवण्याचा. प्रवासखर्च आणि कागदपत्रांचा खर्च कारखान्याने करायचा आणि तीन वर्षांच्या आत गेला तर तो वसूल करायचा. वकिलाने दहा मिनिटांत हे निकालात काढलं. भरतीचा खर्च कामगाराकडून वसूल करणं वर सांगितलेल्या कायद्यात बसत नाही. आणि १९८२च्या हक्कांच्या सनदेतल्या सहाव्या कलमाने पीआर असलेल्या माणसाला कोणत्याही प्रांतात राहण्याचा आणि तिथे पोट भरण्याचा हक्क दिला आहे. उरला बिनअटीचा बोनस. तो दिला तर माणूस बोनसच्या तारखेपर्यंत थांबतो, इतकंच.

तिसरा, घरं बांधणं. भूखंड होते, मागणीही होती, पण दोन बांधकाम-हंगाम जाणार होते.

चौथा, अर्धवेळ समन्वयक नेमणं. इथे एक तांत्रिक पण निर्णायक मुद्दा होता. केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या स्थिरावण्याच्या सेवा, म्हणजे भाषावर्ग, समुपदेशन, नोकरीची मदत, मुख्यतः पीआर आणि निर्वासितांसाठी असतात. वर्क परमिटवर आलेल्याला त्या मिळत नाहीत. पहिली दोन-तीन वर्षं, ज्यांत सगळं बिघडतं किंवा जमतं, नेमकी तीच वर्षं माणूस या सेवांच्या बाहेर. युक्रेनच्या आणीबाणी योजनेतून आलेल्यांना तात्पुरत्या परवान्यावर असूनही अपवाद केला होता. त्यामुळे एकाच रस्त्यावर एका घरात भाषावर्गाला जाता येत होतं आणि शेजारच्या घरात नाही. शेजारणींना याचं कारण समजावताना ग्रंथपाल बाईंच्या नाकी नऊ आले.

पाचवा पर्याय फोनवरच्या उत्तरांतून आला: गावातल्या सगळ्या मालकांनी मिळून घरातल्या दुसऱ्या माणसाच्या नोकरीची जबाबदारी घ्यायची.

ठरलं असं, की चौथा आणि पाचवा पूर्ण हाती घ्यायचे, आणि घरांच्या बाबतीत नवं बांधण्याआधी आहेत त्या घरांचे करार सुधारायचे. समन्वयकाचा खर्च नगरपालिका, कारखाना आणि केअर होम यांनी तीन भागांत वाटून घेतला.

काय केलं

समन्वयक. आठवड्याला २० तास. नेमली ती गावात अनेक वर्षं शाळेची बस चालवलेली बाई. कोणत्या घराला मागचं दार आहे हेही तिला ठाऊक. काहींना वाटलं होतं की पदवीधर माणूस हवा. पण कागद शिकवता येतात, ओळख शिकवता येत नाही. टेबल ग्रंथालयात ठेवलं. कारखान्यात ठेवलं असतं तर मालकाविषयी कोणी बोललं नसतं, आणि नगरपालिकेच्या खिडकीवर लोक फक्त पाणीपट्टीला येतात. गुरुवारी रात्री आठपर्यंत आणि शनिवारी सकाळी ती तिथे असे. तिच्या नेमणूकपत्रात एक ओळ ठळक होती, की इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा नाही. मोबदला घेऊन तो सल्ला वकील किंवा परवानाधारक सल्लागारच देऊ शकतात. तिने तारखा लक्षात ठेवायच्या आणि योग्य माणसाकडे पाठवायचं.

प्रत्येक प्रौढाचा वेगळा कागद. कुटुंबाचा एकच कागद केला की बायकोची माहिती नवऱ्याच्या माहितीखाली झाकली जाते. म्हणून दोघांचे दोन. मुख्य रकाने सहा: आठवड्याचे कामाचे तास, गाडीचा परवाना, इंग्रजीची पातळी, डॉक्टर मिळाला का, परमिट कधी संपतं, आणि रात्री दोनला फोन करता येईल असं गावात कोण आहे. परमिटच्या तारखेआधी १२० दिवस आठवण. मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरणाचा अर्ज गेला असेल तर निकाल येईपर्यंत त्याच अटींवर काम चालू ठेवता येतं. एक दिवस उशीर झाला तर काम थांबवावं लागतं.

इथेच पहिली मोठी चूक झाली. या कागदांचा तक्ता हे काम पाहणाऱ्या समितीच्या एका सदस्याने ईमेलला जोडून अकरा जणांना पाठवला. परमिटच्या तारखा, कोणाचं कर्ज, कोणाची गर्भावस्था, सगळं त्यात. एका कुटुंबाने पुढचे चार महिने ग्रंथालयात पाऊल टाकलं नाही. त्यानंतर नियम बदलला. कागद समन्वयकाच्या कुलपात, समितीला फक्त आकडे, आणि प्रत्येक कागदावर संबंधित व्यक्तीची स्वतःची सही.

पहिले ३० दिवस. यादी छोटी होती, पण क्रम महत्त्वाचा. आधी सिन, म्हणजे सामाजिक विमा क्रमांक, कारण त्याशिवाय पगार आणि बँक अडतात. तात्पुरत्या रहिवाशाचा सिन ९ने सुरू होतो आणि परमिटबरोबर संपतो. बँकवाले तो आकडा पाहून गाडीचं कर्ज परमिटच्या मुदतीपुरतंच देतात, म्हणजे हप्ता जड होतो. हे आधी सांगितलं की लोक स्वस्तातली जुनी गाडी रोखीने घेतात. मग प्रांताचं आरोग्यकार्ड, मुलांच्या लसीकरणाच्या नोंदी, शाळा. मुलांच्या भत्त्याचा अर्ज पीआर असलेल्याला लगेच करता येतो. तात्पुरत्या रहिवाशाला कॅनडात सलग १८ महिने झाल्यावर, एकोणिसाव्या महिन्यात वैध परमिट असेल तर. हा भत्ता चालू राहायला नवरा-बायको दोघांनीही दरवर्षी आयकर विवरण भरावं लागतं. एका घरात बायकोचं उत्पन्न शून्य म्हणून तिचं विवरण भरलंच नव्हतं. जुलैत भत्ता बंद झाला, आणि का झाला हे कळायला सप्टेंबर उजाडला.

गाडी. परदेशी परवान्यावर मॅनिटोबात रहिवासी झाल्यापासून तीन महिने चालवता येतं. ज्या देशांचे परवाने थेट बदलून मिळतात त्यांत भारत आणि फिलिपिन्स नाहीत. लेखी परीक्षा, मग रस्त्यावरची. आधीचा अनुभव कागदाने सिद्ध झाला नाही तर शिकाऊ टप्प्याचे नऊ महिने आधी काढावे लागतात. म्हणून कुटुंब मायदेशाहून निघण्यापूर्वीच जुन्या परवान्याची नोंद आणि तिचा इंग्रजी अनुवाद मागवायला सुरुवात केली. एका कागदाने नऊ महिने वाचतात. चार निवृत्त माणसांनी स्वतःच्या गाड्या सरावाला दिल्या, अर्थात आधी विमा एजंटला विचारून. नापास होण्याची कारणं ठरलेली होती. स्टॉपच्या पाटीवर गाडी पूर्ण न थांबवता सरकवणं, आणि वळण्याआधी खांद्यावरून मागे न पाहणं. चारही बाजूंना स्टॉप असलेल्या चौकात आधी कोण जाणार, यावर धान्याच्या एलेव्हेटरसमोर तीन शनिवार सराव झाला. परीक्षा ऑक्टोबरच्या आत उरकायची, कारण बर्फावर शिकणं वेगळं आणि बर्फावर परीक्षा देणं वेगळं.

दुसरी नोकरी. महिन्यातून एकदा केअर होम, शाळा, को-ऑप, कारखान्याचं कार्यालय आणि एलेव्हेटर यांचे लोक अर्धा तास बसत. प्रत्येकाकडे अर्ध्या-पाऊण जागा होत्या आणि ‘अर्धवेळाला माणूस मिळत नाही’ अशी एकच तक्रार. केअर होमची पाळीपत्रकं चार आठवडे आधी लागतात. ती सगळ्यांत आधी टेबलावर यायची आणि बाकीचे आपले तास त्याभोवती बसवायचे. अशा दोन जागा जोडून दोन बायकांना आठवड्याला ३० तासांच्या वर काम मिळालं. मर्यादा होती ती म्हणजे सुटी आणि विम्याचे फायदे दोन मालकांकडचे तास एकत्र धरून मिळत नाहीत, आणि युनियनच्या करारात ज्येष्ठतेला हात लावता येत नाही. हे बायकांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं होतं.

पाळणाघराशिवाय हे जमलं नसतं. एप्रिल २०२३पासून मॅनिटोबात परवानाधारक पाळणाघराला पालकांनी द्यायची फी दिवसाला १० डॉलरवर आली, पण पैसे ही अडचण नव्हतीच. अडचण होती सकाळी पावणेसहाची. गावचं पाळणाघर त्या वेळी उघडायला तयार नव्हतं. शेवटी एका निवृत्त शिक्षिकेने घरगुती पाळणाघराचा परवाना काढला. त्यात जास्तीत जास्त आठ मुलं, त्यांतली सहा वर्षांखालची पाच आणि दोन वर्षांखालची तीन. तिचं स्वयंपाकघर साडेपाचला उघडायचं. परवाना मिळायला जवळजवळ सात महिने लागले, आणि तेवढे महिने दोन्ही बायका अर्ध्याच तासांवर होत्या.

घरं. सहा घरं कारखान्याच्या मालकीची. भाडं पगारातून कापलं जायचं आणि नोकरी सोडली की घर सोडावं लागायचं. कारखान्याला वाटे की यानेच माणूस टिकतो. प्रत्यक्षात उलटं होत होतं. नोकरी बदलायची म्हणजे घर जाणार, मग गावात दुसरी नोकरी कशाला शोधायची, सरळ गावच सोडू, असा हिशेब लोक करत. सहापैकी चार घरं गावच्या ना-नफा गृहसंस्थेकडे भाड्याने दिली आणि संस्थेने कुटुंबांशी प्रांताच्या नेहमीच्या नमुन्यातले करार केले. अनामत रक्कम कायद्याप्रमाणे अर्ध्या महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त नाही. दोन घरं कारखान्याने सोडली नाहीत.

पहिल्याच डिसेंबरात त्यांतल्या एका घरात तळघराची नळवाहिनी फुटली. कुटुंब चार दिवस विनिपेगला गेलं होतं आणि गॅसचं बिल वाचावं म्हणून घर तापवणारं फर्नेस जवळजवळ बंद करून गेलं होतं. करारात ‘तापमान योग्य राखावे’ असं वाक्य होतं, पण योग्य म्हणजे किती हे कोणी सांगितलं नव्हतं. आता दाराच्या आतल्या बाजूला एक कार्ड लावलेलं असतं: बाहेर जाताना थर्मोस्टॅट १५ अंशांच्या खाली नाही, मुख्य नळ बंद, फर्नेसचा फिल्टर दर तीन महिन्यांनी, आणि थंडीत गाडीचं इंजिन गरम ठेवणारा ब्लॉक हीटर कुठे लावायचा. कार्ड टागालोग, पंजाबी आणि युक्रेनियनमध्येही आहे.

हायस्कूल. क्रेडिटची मोजणी प्रवेशाच्या पहिल्या आठवड्यात करायची, विद्यार्थी यायच्या आधी गुणपत्रिका मागवून. मंगळवार आणि गुरुवार उशिराची बस. ही बस सर्वांना उघडी ठेवली, फक्त नव्या मुलांना नाही. आपल्याला नाही आणि त्यांना आहे, हा सूर उमटायच्या आतच विरला, आणि दोन्ही दिवस बस भरून येऊ लागली.

किराण्याची एक गोष्ट सांगायला हवी. को-ऑपने मोठ्या हौसेने तांदूळ मागवला, तो निघाला उकडा लांब दाण्याचा. फिलिपिन्सच्या घरांत जास्मिन खातात. पोती दोन महिने पडून राहिली आणि व्यवस्थापक म्हणाला, ‘बघा, मागणीच नाही.’ नंतर समन्वयकाने एका बाईलाच वितरकाची यादी दाखवली. दहा मिनिटांचं काम होतं.

आणि ‘संस्कृती संध्या’ बंद केली. दोनशे माणसांचा स्वयंपाक त्याच पाच-सहा बायकांनी करायचा आणि गावाने पाहुणे म्हणून जेवायचं, याला स्वागत म्हणायचं की आचारीपण?

निष्पत्ती

जून २०२३ला उरलेल्या पाचपैकी चार कुटुंबं २०२४च्या अखेरीस गावात होती. या काळात तीन नवी आली, त्यांतलं एक तीन महिन्यांत परतलं. हे आकडे इतके छोटे आहेत की टक्केवारी काढणं म्हणजे स्वतःची फसवणूक. त्याहून सांगण्यासारखं हे, की राहिलेल्या सहा घरांतल्या बारा प्रौढांपैकी दहांकडे गाडीचा परवाना आणि नऊ जणांकडे आठवड्याला ३० तासांहून जास्त काम होतं. पाचातलं जे गेलं, त्या घरातली पत्नीही परिचारिकाच. तिला नोंदणीसाठी शहरातच राहणं सोयीचं होतं. या प्रश्नाचं उत्तर गावाला सापडलं नाही.

सर्वांत ताणाचा प्रसंग वेगळाच होता. एका वेल्डरने पीआर मिळाल्यावर कारखाना सोडला आणि केअर होममध्ये देखभालीचं काम घेतलं. घर तेच, शाळा तीच. कारखान्याच्या हिशेबात माणूस गेला, गावाच्या हिशेबात राहिला. पुढच्या बैठकीत कारखान्याचा प्रतिनिधी म्हणाला, ‘आम्ही पैसे देतो आणि तुम्ही आमची माणसं पळवता.’ मार्च २०२४नंतर कारखान्याने समन्वयकाचा आपला वाटा दिला नाही. ऑर्डरी कमी झाल्याचंही कारण होतं, पण हेही होतंच. समन्वयकाचे तास २०वरून १२वर आले.

काय वेगळं करता आलं असतं

कारखान्याशी हे बोलणं पहिल्याच दिवशी, लेखी व्हायला हवं होतं. टिकणं कशाला म्हणायचं, मालकाकडे टिकणं की गावात टिकणं? दोन्हींचे पैसे एकाच पेटीतून देणार असाल, तर एखादा माणूस गावातच नोकरी बदलेल तेव्हा काय करायचं, हे आधी ठरवा. शेजारच्या एका गावाने असं ठरवलं, की माणूस गावातल्या गावात दुसरीकडे गेला तर नव्या मालकाने पुढच्या भरतीचं एलएमआयए शुल्क उचलायचं. सही करताना सगळ्यांनी कुरकुर केली, पण वेळ आली तेव्हा वाद झाला नाही.

एजंटला पैसे दिले का, हा प्रश्न नेमणुकीपूर्वी कामगाराला त्याच्या भाषेत, मालक समोर नसताना विचारायला हवा. आल्यावर विचारला तर माणूस नाहीच म्हणतो. आपलं परमिट जाईल अशी त्याला धास्ती असते. नेमणूकपत्राबरोबरच एक पान द्यावं. पैसे घेणं बेकायदेशीर आहे, तक्रार प्रांताच्या एम्प्लॉयमेंट स्टँडर्ड्स विभागाकडे करता येते, आणि मालकाकडून छळ होत असेल तर २०१९पासून खुल्या, म्हणजे एका मालकाशी न बांधलेल्या, वर्क परमिटचा वेगळा मार्ग आहे.

पाळणाघराचा परवाना भरतीच्या आधी सुरू करायला हवा होता. माणूस आणायला जेवढे महिने लागतात साधारण तेवढेच यालाही लागतात. दोन्ही कामं एकाच दिवशी सुरू झाली असती तर ती सात महिन्यांची पोकळी राहिलीच नसती.

नव्या कुटुंबाच्या मदतीला गावातलं सोबती कुटुंब जोडण्याची पद्धतही चुकली. एका नव्या कुटुंबाला एकच सोबती दिला होता. दोन घरांत सोबत्याचा फोन दिवसातून पाच-सहा वेळा वाजू लागला आणि नाताळनंतर त्याने तो उचलणंच सोडलं. आता कामं वाटलेली असतात. गाडीला एक माणूस, शाळेला एक, घरातल्या दुरुस्तीला एक. कोणाचाही भार आठवड्याला दोन तासांपुढे गेला की समन्वयक दुसरा माणूस शोधते.

परिचारिकेचा प्रश्न उघडाच आहे. केअर होमने मांडलेला प्रस्ताव असा: नोंदणीच्या परीक्षेचं शुल्क आणि अभ्यासाचे पगारी तास द्यायचे, आणि शहरात राहावं लागेल तेवढे महिने तिची जागा राखून ठेवायची. नवरा-मुलं गावातच राहतील असं गृहीत धरलं आहे. ती राहतील का, हे त्या घरातल्या कोणाला अजून विचारलेलं नाही.